बुजवलेलं भोक

हॉस्पिटलात सगळे त्याला कुंभार म्हणत. स्कॅनवरून तो पेशंटचं हृदय यंत्रावर प्लास्टिकमध्ये जसंच्या तसं छापायचा. ते हातात धरून सर्जनबाई कुठे कापायचं ते ठरवायच्या. या नोकरीआधी वीस वर्षं त्याने दातांच्या कवळ्या केल्या होत्या. खड्डा दिसला की भरायचा, घासून गुळगुळीत करायचा, ही बोटांची जुनी खोड.

चार महिन्यांच्या मुलीचं ऑपरेशन नऊला होतं. सव्वाआठला तो स्कॅन पुन्हा बघत होता. स्क्रीनवर मुलीच्या हृदयाला दोन भोकं होती. त्याने करून दिलेल्या हृदयाला एकच.

तो धावत सुटला. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर मुलीची आई बसली होती. तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

"काय कुंभारदादा, मडकं फुटलं का?" आत छापलेलं हृदय हातात घेऊन उभ्या असलेल्या सर्जनबाई हसल्या.

"एक भोक मी बुजवलं, बाई. छपाईतला दोष समजून."

बाईंचं हसू मावळलं. "कुठे?"

त्याने नखाने जागा दाखवली.

"आणखी कुठे हात फिरवलात?"

त्याने हृदय उलटसुलट करून पाहिलं. सगळीकडून ते कवळीसारखं गुळगुळीत होतं.

"नाही सांगता येत," तो म्हणाला. "आज कापू नका, बाई. मी परत छापतो. हात न लावता."