आमच्या काठाखालची वाळू

टेम्पोत भांडी चढली, गोधड्या चढल्या, जातं चढलं, पर मी काय चढंना. मालक म्होरं मान खाली घालून बसल्यालं. दगडू, माझं पोरगं, म्हनला, "आई, चल की. नदीची कड सकाळपस्नं हातभर सरकलीय."

मी म्हनलं, "चंद्रीला सांगून येते."

त्यानं डायवरला थांबाया सांगितलं.

चंद्री माझी पयली लेक. सा महिन्याची हुऊन गेली. दात न आल्यालं लेकरू जाळत न्हाईत, पुरत्यात. सासूनं घरामागं काठावर मीठ घालून पुरलं, वर दगड ठिवला. म्हनली, "आपल्या नजरंखाली ऱ्हाईल." तवा गंगा लई लांब हुती. पुणतांब्याकडं गोदावरीला आमी गंगाच म्हनतो. काठापस्नं पान्यापत्तूर नुसती वाळू, उन्हाळ्यात पाय भाजायचे.

मग नव्वदच्या पुढं वाळूचे ट्रक आले. नगरला शिमिटाची, सिलापाची घरं व्हायला लागल्ती. आमी बाया पाट्या भरून द्यायचो. उन्हात लांब कोन जाईल? काठाच्या बुडातलीच उकरायचो. जवळ पडायची, वर सावली. धाकटी जाऊ सखू म्हनायची, "आवं बाई, उंदरावानी सोताचंच घर पोखराया लागलाव व्हय?" सगळ्या हसायच्या. मीबी हसायची अन् पाटी भरायची.

सासरा तेवढा वरडायचा, "बूड काढलं तर रांजन उभा ऱ्हातो व्हय गं?" म्हातारा बडबडतोय म्हनून आमी पदराआड हसायचो.

दोन पावसाळं काय झालं न्हाई. तिसऱ्याला गंगा फुगली, अन् काठाला टेकू द्यायला खाली वाळूच नव्हती. काळी माती तुटून पडायची. भाकर खाताना धप्प. भांडी घासताना धप्प. आदी गोठा गेला, मग परसातला लिंब. दगडापस्नं कडंपत्तूर मी रोज पावलं मोजायची. बारा. सात. तीन. मालक म्हनले, "उकरून दुसरीकडं ठिऊ का?" मी म्हनलं, निजल्यालं लेकरू उठवू नये.

उठवायचं हुतं.

त्या दिवशी मागं गेले तर दगड नव्हता. त्याची वल्ली खाच तेवढी, तीबी अर्दी. मी खाली वाकून बघितलं न्हाई. येऊन टेम्पोत बसले. दगडूनं इच्यारलं, "सांगितलंस?"

"ती म्होरं गेली," म्हनलं.

दगडू इथं नगरला एमायडीशीत लागला. पयले भाड्याची खोली, मग ही नवी, दुसऱ्या मजल्यावर. नळाचं टायम, ग्यालरीत कपडे, खाली कुनाचं तोंड वळखीचं न्हाई. खोली बगायला गेलो तवा गवंडी गिलावा करत हुता. म्हनला, "आजी, गंगंची वाळू हाय, पुणतांब्याकडची. भिंत हलायची न्हाई."

मी इच्यारलं, "पुराआदीची का नंतरची?"

"नंतरची. पूर नवी आनून टाकतो ना."

पुरानं काय काय आनून टाकलं ते त्याला काय ठावं. मी वल्ल्या गिलाव्यावर तळवा ठिवला. त्या भिंतीला मी सुनंला खिळा मारू देत न्हाई. कॅलेंडर दाराला अडकवलंय. सून म्हनती, म्हातारी नव्या घराला लई जपती.

सखू अन् तिकडं ऱ्हायलेल्या समद्या फोनवर इच्यारत्यात, करमतं का गं तिथं? दुपारी घर रिकामं झालं का मी भिंतीला पाठ लावून बसते. गार लागती. गावात वरच्या अंगाला, घर गेल्याल्यास्नी सरकारी जागा मिळतीय, परत ये म्हनत्यात. मी म्हनते, तुमी जा वर. मला आता इथनं उठवू नका.