बहिरा साक्षीदार

आमच्या वडगावातले मागवाले चाचा ठार बहिरे. यंत्रमागाच्या खडखडाटानं कान गेले, असं तेच ओरडून सांगतात. निकाहात नवरीचा होकार साक्षीदाराला ऐकावा लागतो, आणि त्यासाठी सगळे नेतात यांनाच! मग नवऱ्या लाजणं सोडून गल्लीभर ऐकू जाईल असं "कबूल" ओरडतात.

परवा शहापुरात मीच त्यांना स्कूटरवरून नेलं. पडद्याआडून नवरी काहीतरी पुटपुटली. तिचा मामा म्हणाला, "व्हय म्हणाली."

"मला न्हाय ऐकू आलं. मोठ्यानं बोल, आक्का."

तिसऱ्यांदा ती किंचाळली, "न्हाय! मला न्हाय करायचं!"

"आत्ता आलं," म्हणत चाचा उठले. बिर्याणी तशीच राहिली.

परतताना भर वाऱ्यात मी स्वतःशीच पुटपुटलो, "उपाशीच निघालो."

मागून चाचा म्हणाले, "कोपऱ्यावर थांब रं. मला बी लई भूक लागलीया."