मी ओटी परत केली

"चाल," आबा म्हणाले.

माझी पोरगी चालली. गुळगुळीत फरशी, पायात मोजे, घसरत हुतं, तरी चालली. भिंतीपतोर गेली.

"फीर माघारी. आता जरा पळ बघू. अगं पळ की! ग्राउंडवर लाजतीस का अशी?"

खुर्च्यांवर माणसं बसलेली, चहा पीत. हसली. शाहूपुरीतलं ऑफिस ते, पळायला जागा कुठली. टेबलापासनं दारापतोर पळाली आणि माझ्याजवळ येऊन थांबली. मी दारातच हुभी. मला बस म्हणालं न्हवतं कुणी.

"डावा गुडघा आत वळतोय का रं हिचा?" आबांनी शेजारच्याला इचारलं. पोरीला न्हाय इचारलं. शेजारचा म्हंजे फुटबॉल संघाचा कोच. तो उठला, खाली बसला, गुडघा अंगठ्यानं दाबून बघितला.

"न्हाय आबा. तीन वर्सं आरामात टिकंल."

टिकंल.

माझा बाप गारगोटीच्या बाजारात म्हस घ्यायचा तवा असंच करायचा. चालवायचा. माघारी फिरवायचा. पायावरनं हात फिरवायचा. मी ल्हान, कासरा धरून बाजूला हुभी असायची. म्हशीला कुणी काय इचारत न्हाय. कासरा धरणारीला बी न्हाय.

मग आबांनी माझ्याकडं बघितलं. "काय करतीस गं?"

"खानावळीत भाकरी थापते जी."

"शिकलीयास किती?"

"सातवी."

"मग तुला ह्यातलं काय कळायचं न्हाय. तू फकस्त मान हलवायची."

सगळी हसली. मी बी हसले. भ्यालं की मला हसू येतं, काय करू. पोरगी न्हाय हसली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि खाली बघितलं, ते खाली बघणं माझ्या अजून छातीत हाय.

आता सांगते हे काय हुतं ते. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हंजे काय हे बाहेरच्या पावण्याला सांगून कळत न्हाय. मॅच असली की पेठ बंद. लग्नाची तारीख धरायची तर आधी मॅच कवा हाय ते बघत्यात. मी सून म्हणून आले तवा सासूनं, आत्ती म्हणते मी त्यास्नी, मला आधी पेठेची तालीम दाखवली, फुटबॉलचा संघ तिचाच, आणि मग देऊळ. "ही आपली. पलीकडची ती त्यांची. त्यांच्या गल्लीतनं दूध बी आणायचं न्हाय." मी सोळा वर्साची. व्हय म्हणाले.

आबा आमच्या तालमीचं मोठं माणूस. आणि कॉलेजचं अध्यक्ष बी तेच. म्हणून तालमीचा खेळाडू बारावी झाला की त्यांच्याच कॉलेजात जातो. कुणी ठरवत न्हाय, ठरलेलंच असतंय. पोरं जात हुती, आता पोरींचा संघ झाला तर पोरी बी जायला लागल्या. सानिका माझी डिफेन्सला खेळती. बॉल घेऊन कोण आलं अंगावर की ती मागं सरत न्हाय. मी मॅच बघताना डोळं झाकते, ती झाकत न्हाय. कुणावर गेलीय कुणास ठावं. माझ्यावर न्हाय.

आणि अभ्यासात बी बरी. बारावी सायन्स केली तिनं एका खोलीत, बापाचा टीव्ही चालू, आत्तींचा खोकला चालू, माझा स्टो चालू. तिला बीएस्सी करायची हुती. त्या दिवशी ऑफिसात तिनं तेवढंच सांगितलं, "आबा, मला बीएस्सीला घ्या."

आबा म्हणाले, "सायन्सला प्रॅक्टिकल असत्यात, सराव बुडतोय. तुला आर्टला टाकतो. वर्गात बसायचीच गरज न्हाय. हजेरी आमची, पेपर आमचं. तू फकस्त कप आणायचा."

"पण मला शिकायचंय."

"शिकून काय करणार गं? फळ्यावर गणित मांडून बॉल मारतीस काय?"

पुन्हा हसली सगळी. कोचला तर ठसका लागला.

तेवढ्यात वरनं वैनीसाहेब आल्या, आबांच्या मालकीण. वर घर, खाली ऑफिस. हातात ताट. हळदकुंकू, तांदूळ, नारळ, खण. म्हणाल्या, "अगं दारात काय हुभी, ये, बस." पाट मांडला मला. मला! माझी ओटी अशा घरात कवा कुणी भरली न्हवती. मी बसले. पदर पुढं केला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वाटलं आपल्याला माणसांत घेतलं. वैनींनी कुंकू लावलं, ओंजळभर तांदूळ घातलं, नारळ घातला, आणि मी वाकून पाया पडले.

आबांनी टेबलावर हात मारला. "झालं! ओटी घेतली, शब्द दिला. पोरगी आपली."

माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मी काय बोललेच न्हवते. पण आमच्यात ओटी घेतली म्हंजे बोललंच. पोरीची सुपारी फुटावी तसं. मला ते पाटावर बसताना कळायला पायजे हुतं. न्हाय कळलं. पदरात नारळ जड लागला तवा कळलं.

घरापतोर सानिका माझ्या म्होरं चालली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आई, तू का बसलीस गं?"

मी पदरातला नारळ काढून आत्तींच्या हातात दिला.

सांजच्याला तालमीच्या दारातल्या फळ्यावर तिचं नाव लागलं. पोरीचा बाप टेम्पो चालवतो, तो पेढं घेऊन आला. आत्तींनी नारळ देवापुढं ठेवला. सगळं घर खूश. आणि आम्ही दोघी अशा बसलेल्या जणू घरात कोण तरी गेलंय आणि आम्हा दोघींनाच ठावं हाय.

मी कुणाला बोलू? माहेरी बोलावं तर आई म्हणंल नशीब काढलंस. खानावळीत बोलावं तर बाया म्हणणार आमच्या पोरीला कोण इचारतंय? माझं मला वाटायचं, मी सातवी, मला काय कळतंय, आबांचंच बरोबर असंल. भाकरी थापता थापता करपायच्या.

मग रूपा भेटली. रूपा आमच्याच चाळीत वरच्या खोलीत ऱ्हाती. ती बी तालमीची खेळाडू, आबांच्या कॉलेजची. काय पळायची पोरगी! आता साडीच्या दुकानात घड्या घालती. जिना उतरताना एक पाय आधी टाकती, मग कठड्याला धरून दुसरा. मी नळावर भांडी घासत हुते, ती उतरत हुती.

"काकी, सानिकाचं नाव बघितलं फळ्यावर."

"व्हय गं. चांगलं न्हवं?"

ती कठड्याला धरून थांबली. "काकी, मी तीन वर्सं त्या कॉलेजात हुते. माझा वर्ग कुठल्या मजल्यावर हुता, इचारा की मला."

"कुठल्या?"

"मला ठावं न्हाय."

आणि गेली. एक पाय, मग दुसरा.

मी भांडं हातात धरून तशीच बसले. पाणी वाहून चाललं तर आत्ती आतनं वरडल्या, "नळ कुणाच्या बापाचा हाय काय?"

सानिकानंच मला दुसऱ्या कॉलेजचं सांगितलं हुतं मागं. गावाबाहेर, बस बदलून जायचं. तिथं एका मॅडमनी पोरींचा संघ नवा काढलाय म्हणून. मी खानावळीत दांडी मारली आणि एकटी गेले. पोरीला बी न्हाय सांगितलं. फाटकातनं आत जाताना वाटलं वॉचमन हाकलणार, कामवाल्या बाईनं मागनं यायचं म्हणणार. त्यानं बघितलं बी न्हाय.

मॅडम डबा खात हुत्या. मी सगळं भडाभडा सांगितलं, चालवलं ते, गुडघा दाबला ते, ओटी. त्या खात खात ऐकत हुत्या. मग म्हणाल्या, "बाई, तुम्हाला खरं सांगते. आमच्या गोलला जाळी नाही. मैदान उतारावर आहे, बॉल गेला की ओढ्यात जातो. गेल्या वर्षी आम्ही सगळ्या मॅच हरलो. कप वगैरे विसरा."

"आणि बीएस्सी?"

"मिळेल. पण वर्गात बसावं लागेल. प्रॅक्टिकल चुकवलं तर मीच तिला खेळवणार नाही. तुम्हाला काय वाटतं?"

तुम्हाला. काय. वाटतं. मला असं कुणी इचारलं न्हवतं. लग्न करताना न्हाय, शाळा सोडवताना न्हाय. मॅडम म्हणाल्या, "बरं, बसा थोडं." मी बसले न्हाय. वर्ग कुठं असतो म्हणून इचारलं. त्यांनी बोटानं दाखवलं. मी जिना चढून गेले. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतनं उतारावरचं मैदान दिसत हुतं. वर्ग रिकामा. मी एका बाकाला हात लावून बघितला आणि खाली आले.

घरी सांगितलं ओटी परत करणार.

आत्ती उठूनच बसल्या. "भरलेली ओटी परत? येड लागलंय काय तुला? कुंकू पुसायला निघालीस काय माझ्या पोराचं?" आणि पोरीचा बाप म्हणाला, "पेठेत मला तोंड दाखवायला जागा ठेवू नकोस. जा. पण येताना मला हाक मारू नकोस."

मला भ्या वाटत हुतं. खरंच काय झालं तर, नवरा टेम्पो चालवतो, रस्त्यावरचा माणूस. रातभर तेच डोक्यात. तरी सकाळी देवापुढचा नारळ उचलला. खण घेतला. तांदूळ आत्तींनी पिशवीत बांधून ठेवलेलं, ते घेतलं. पदरात सगळं घातलं, जसं दिलं हुतं तसंच, आणि चालत शाहूपुरीत गेले. वाटंत भेटलेल्या बाया पदराकडं बघून हसायच्या. त्यास्नी वाटलं असंल कुणाच्या तरी ओटी भरणाला चाललीय.

आबा, कोच, तीच माणसं, तोच चहा. मी दारात थांबले न्हाय. आत गेले. वरनं वैनीसाहेब उतरत हुत्या, त्यास्नीच म्हणाले, "वैनी, पदर पुढं करा."

त्यांचा हात सवयीनं पदराला गेला. बाईचा हात जातोच. आबा वरडले, "ए!" हात तिथंच थांबला. वैनी माझ्याकडं बघत ऱ्हायल्या, पुढं बी न्हाय, मागं बी न्हाय.

म्हणून मी सगळं टेबलावर ठेवलं. चहाच्या कपांच्या मधी. खण, नारळ, तांदूळ. पिशवी फुटली, तांदूळ कागदांवर सांडलं.

"तुला कळतंय का काय करतीयास? सातवी शिकलेली बाई तू!"

हसू यायला लागलं तसं मी दातांनी वठ चावला. आणि म्हणाले,

"म्हस न्हाय ती. चालवून घ्यायला."

"काय?"

"माझी पोरगी वर्गात बसणार. तुमच्याकडं न्हाय."

कोच म्हणाला, "आबा, बाई बिथरलीय, सोडा." आबा सोडत न्हवते. "तालमीचं ग्राउंड बंद तिला. बघतो कुठं खेळती. कोण उभं ऱ्हातंय तुमच्या मागं ते बघतोच मी."

कोण न्हाय. ते त्यांचं खरं निघालं.

फळ्यावरचं नाव पुसलं. नळावर मी गेले की बाया घागरी उचलत्यात. तालमीच्या गणपतीला आम्हाला आरतीला बोलावलं न्हाय. पोरीचा बाप जेवतो, ताट सरकवतो, माझ्याशी बोलत न्हाय; माझं नाव घ्यायचं झालं तर आत्तींना सांगतो. आत्ती देवापुढच्या रिकाम्या जागंला हात जोडत्यात आणि माझ्याकडं बघत्यात. रूपा तेवढी जिन्यात थांबती, पण ती बी हळू बोलती, इकडं तिकडं बघून. दुकानाचा मालक पेठेतलाच हाय तिचा.

सानिका सकाळच्या बसनं जाती. अंधार पडल्यावर येती, बुटाला ओढ्यातला चिखल. मी इचारते, "आज वर्गात काय झालं?" ती सांगती. मला कळत न्हाय. पुन्हा इचारते. ती पुन्हा सांगती.

आता मॅच हाय. तिच्या कॉलेजची आबांच्या कॉलेजबरोबर. सगळी पेठ तिकडं बसणार, माझा नवरा बी तिकडंच, रूपाला बी तिकडंच बसावं लागणार. पिपाण्या वाजणार, फटाकं उडणार, माझ्या पोरीचं नाव घेऊन शिव्या पडणार. मॅडम म्हणाल्यात आपण हरणारच, किती गोल खातो तेवढंच बघायचं.

सानिका म्हणाली, "आई, तू नको येऊस. एकटी पडशील."

मी जाणार. ग्राउंडच्या पलीकडच्या रिकाम्या पायऱ्यांवर, मधोमध बसणार, सगळ्यांना दिसंल अशी. मला बस म्हणायला कुणी लागत न्हाय आता. आणि बॉल घेऊन आबांच्या संघातल्या पोरी तिच्या अंगावर आल्या की ह्या बारीला मी डोळं झाकणार न्हाय.