कोरं हत्यार

माझ्या नोकरीतली खरी हत्यारं म्हणजे माझे पुढचे दोन दात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात मी नव्या सर्किटचे पहिले नमुने हाताने जोडते. वायर दातात धरायची, हिसका द्यायचा, प्लास्टिक बाहेर, तांबं मोकळं! आई जाळं शिवताना दोरा दातानेच तोडते, तिचंच हे वळण.

यंदा मात्र पंचाईत झाली. खंडेनवमीला आमच्या एडवणच्या घरी पाटावर सगळ्यांची हत्यारं मांडतात: बाबांचा कोयता, होडीच्या इंजिनाचे पाने, आईची जाळं विणायची सुई. मी आजवर तिथे वह्या-पुस्तकं ठेवत आले. आता कमावती झाले, तर माझंही हत्यार त्या पाटावर हवंच, या इच्छेने मला झपाटलं. पण दात कुठे काढून ठेवणार?

बोईसरच्या बाजारात गेले आणि खुळ्यासारखी हरखले. प्रत्येक कटर मिटून दिव्यासमोर धरला. फटीतून उजेड दिसला की तो बाद. वायर सोलायची पकड माझ्या लहानशा मुठीत बसेना, म्हणून दुकानदाराला अख्खी फळी खाली काढायला लावली. वायरींपाशी तर भानच गेलं. अनेक तारांची वायर छान वाकते, पण बोर्डाच्या छिद्रात घालताना विस्कटते. म्हणून एकाच तारेची, बारीक. आणि रंग! प्लसला लाल, मायनसला काळी, एवढं पुरतं खरं. मी पोपटी घेतली, जांभळी घेतली, आणि निळी कशी सोलते ते बघायला सवयीने तोंडात घातली.

"मॅडम, ये खाने का नहीं है," दुकानदार गंभीरपणे म्हणाला. मग दोघंही पोट धरून हसलो.

नवमीच्या सकाळी मी माझी नवी नवलाई ऐटीत पाटावर मांडली. आईची कुंकवाची बोटं मधेच थांबली.

"हे कोरं हाय गो. अजून राबलं नाय. आमी राबलेलं हत्यार पुजतो."

माझा चेहरा खर्रकन उतरला. पण क्षणभरच! "थांबा सगळे," म्हणत मी तिथेच फरशीवर फतकल मारली, पिशवीतलं बोर्ड काढलं, सोल्डरिंग गन तापत ठेवली. नैवेद्य निवत होता, बाबा ओल्या केसांनी ताटकळत होते, आणि मला हसू आवरत नव्हतं. पहिलीच वायर तोंडाकडे गेली.

"तोंडातून काढ ती!" आई ओरडली.

पकडीने सोलली. तांबं इतकं स्वच्छ निघालं की मी चक्क शिट्टी मारली. लाल जोडली, काळी जोडली, हौसेखातर बटणाला जांभळी. सेल बसवून बटण दाबलं. काही नाही. बघते तर एलईडीचा चिमुकला दिवाच उलटा लावलेला! उपसून फिरवला, पुन्हा दाबलं, आणि टिचभर हिरवा उजेड पडला. मी लहान पोरीसारखी ओरडले.

आईने स्वतः एकदा बटण दाबून पाहिलं. मग पाटाच्या मधोमध असलेली आपली सुई उचलून बाजूला सरकवली, तिथे माझी पकड ठेवली आणि पहिलं कुंकू तिला लावलं.