दादासाहेबांचे सोनेरी गप्पी

नेऱ्याच्या माळावर इमारती उठल्या, चराई संपली आणि दादासाहेबांनी मेंढरं मोडली. जन्मभर कळपामागं चाललेला माणूस ओट्यावर नुसता बसून राहू लागला. सून सोनिया हिंजवडीच्या एका ऑफिसात कामाला होती. तिथं कुणीतरी काचेची टाकी टाकून देत होतं. सासऱ्यांचा जीव रमेल म्हणून तिनं ती माशांसकट घरी आणली.

मासे साधेच, गप्पी. पण दादासाहेबांची नजर मेंढक्याची. एका नराच्या शेपटीवर सोनेरी झाक दिसली, तसा त्यांनी तो वेगळा काढला. त्याच्या पिलांतला अधिक पिवळा, अधिक लांब शेपटीचा नर पुढं ठेवला. असं करत करत काही वर्षांत अशी जात तयार झाली, की भुकूमच्या सोसायट्यांतून लोक बघायला यायचे. शेपटी कसली, हळदीत भिजलेला पदरच!

नावडती पिलं फेकून देणं त्यांच्या बायकोला, तुकाबाईंना बघवत नसे. "द्या हिकडं," म्हणत त्या ती अंगणातल्या हौदात सोडायच्या. तिथं डासांसाठी आरोग्यसेवकानं सोडलेले रानवट गप्पी आधीपासून होतेच.

मग एका विणीत पिलं पाठीत बाक घेऊन जन्मली. पुढच्या विणीतही तेच. मोठे नर शेपटीच्या ओझ्यानं तळाला बसून राहू लागले. दादासाहेबांना घास गोड लागेना.

"घरातल्या घरात किती सोयरिकी करायच्या?" तुकाबाई म्हणाल्या. "मेंढरांत भाईरचा नर आणत व्हता न्हवं?"

"ठावं हाय गं. पर भाईरचं रगत आलं की सोनं जातंय."

"जाऊंद्या. लेकरांना पवता तरी येईल."

ते उठून हौदापाशी गेले. काठावर खंड्या बसला होता. पाण्यात मासे होते करडे, आखूड शेपटीचे, विजेसारखे. झगमगीत आणि संथ होते ते केव्हाच खंड्याच्या चोचीत गेले होते. निसटले त्यांचीच पिलावळ उरली होती.

"हितली निवड ह्यानं केलीया," दादासाहेब खंड्याकडं बघत म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी ओंजळीत एक करडी मादी अलगद उचलली.

टाकीतल्या सोनेरी नरापासून तिला पिलं झाली. एकही सोनेरी नव्हतं, पण सगळ्यांच्या पाठी सरळ. तुकाबाई टाकीला नाक लावून बघत राहिल्या आणि लहान पोरीसारख्या हसल्या. कितीतरी दिवसांनी दादासाहेबांनी त्यांचं हसणं ऐकलं, आणि त्या दिवशी भाकरी मागून घेतली.

त्या पिलांना पिलं झाली, तेव्हा त्यांत एक नर पिवळसर निघाला. शेपटी बेताची, पण टाकीभर नुसता उधळत होता.

"ह्याला येगळा काढायचा का वो?" तुकाबाईंनी विचारलं.

दादासाहेब बायकोला बसायला जागा करून देत म्हणाले, "ऱ्हाऊ दे भावंडांत. खेळतोय."