बावीसचं अ‍ॅव्हरेज

आमच्या मुखेडात कुणी गाडी घेतली की लोक एकच विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देती?" ब्रेक लागतात का, हे कुणी विचारत नाही. मी शाळामास्तर, पण मीही त्यातलाच.

माझी जुनी पेट्रोल गाडी. आठशे सीसी, तीन सिलिंडर, सदतीस हॉर्सपॉवर. शेजारच्या टेलरभाईंचीही जुनीच, पण डिझेल. चौदाशे सीसी, चार सिलिंडर, त्रेपन्न हॉर्सपॉवर. माझी गल्लीत चटकन वळायची. त्यांची सुरू झाली की आमच्या खिडक्या थरथरायच्या, पण पाच माणसं आणि कापडाचे गठ्ठे घेऊन चढ चढायची. कुणाची सरस, हे ठरवायला आम्ही बाटली लावायचो. इंजिनाला टाकीऐवजी लिटरभर इंधनाची बाटली जोडायची, ती संपून गाडी बंद पडली की मीटर बघायचं. मीटर वाचायचा मान माझ्या वडिलांचा, अण्णांचा. खणखणीत आवाजात निकाल द्यायचे, "मास्तरची सतरा, भाईची एकोणीस!"

हरणं मला सोसत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी मेकॅनिककडून कार्बोरेटरचा जेट, म्हणजे इंजिनात पेट्रोल सोडणारं भोक, बारीक करून घेतला. तो म्हणाला, "सर, चढाला गाडी वढणार न्हाई बगा." मी म्हणालो, "तू कर." बावीस आलं. अण्णांनी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.

पंधरा दिवसांनी सकाळी चहा पिताना अण्णांच्या हातून कप पडला. तोंड वाकडं झालं. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, लकवा आहे, तीन तासांच्या आत लातूर गाठा. भाई किल्ली घेऊनच धावत आले. "मास्तर, माझी काढतो. लई दमाची हाय."

"माझी जाईल," मी म्हणालो. बावीसची मस्ती, दुसरं काय!

जळकोटच्या अलीकडच्या चढावर तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर आलो, मग पहिल्यावर. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला तरी गाडी नुसती कण्हत होती. मग वाफ आली आणि ती बंदच पडली. मागे बायकोच्या मांडीवर अण्णांचं डोकं. मी रस्त्यात उभा राहून हात जोडत होतो. एक टेम्पो गेला, दोन जीप गेल्या, कुणी थांबेना. बॉनेटवर मुठी आपटल्या. देवाला शिव्या घातल्या, मग त्याच्याच पाया पडलो. शेवटी भाईंना फोन केला. ते येईपर्यंत पाऊण तास गेला. त्यांनी अण्णांना उचलून आपल्या गाडीत निजवलं, आणि त्यांची गाडी धूर सोडत तोच चढ सहज चढून गेली. मी मागे बसून रडत होतो.

लातूरच्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. रक्ताची गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. अण्णांचा जीव राहिला, पण उजवं अंग आणि बोलणं गेलं ते गेलंच.

आता भाई रोज संध्याकाळी येऊन त्यांच्यापाशी बसतात. परवा अण्णांना हसवायला म्हणून भाईंनी विचारलं, "अण्णा, खरं सांगा, कुणाची गाडी चांगली हाय?" दोन्ही गाड्या समोरच उभ्या होत्या. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, डावा हात कसाबसा उचलला आणि माझ्या गाडीकडं बोट केलं.

या वेळी मला हरायचं होतं.