कावळ्याला दिलेला शब्द

तुळशीरामसर गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. ती माझ्याकडे ऑर्डर म्हणून आली. जुन्नरच्या पेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे आणि आमच्या धंद्यात माणूस गेल्याचं बऱ्याचदा असंच कळतं. त्या सकाळी सरांच्या शाळेचा शिपाई दुकानात आला आणि म्हणाला, "भाऊ, सरांचा फोटो हाय का तुमच्याकडं? मोठा करून पायजे. हार घालायचाय." कोणत्या सरांचा, हे विचारायच्या आधीच समजलं... अण्णांनी सांगितलंय, फ्रेम भारीतली घ्या, असंही तो म्हणाला. अण्णा म्हणजे सरांच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. सर जिवंत असताना ज्या माणसानं त्यांना साधा कागद मिळू दिला नाही, त्याला आता भारीतली फ्रेम हवी होती. तेव्हा माझं डोकं जे फिरलं ते आज इतक्या आठवड्यांनीही जागेवर आलेलं नाही.

सर डिंगोऱ्याचे. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे. नव्वद सालानंतरची गोष्ट, एक दिवस अख्खा वर्ग घेऊन माझ्या दुकानात हजर झाले आणि म्हणाले, पोरांना डार्करूम दाखवायची आहे. एवढीशी खोली, चार-चार पोरं आत घेतली. मी लाल बल्ब लावून फोटोचा कागद औषधाच्या पाण्यातून फिरवत होतो आणि सर विचारत होते, हा लाल दिवा लागलाय तरी कागद काळा का पडत नाही? कुणीतरी म्हणालं, उजेड कमी आहे म्हणून. सरांनी मला बल्ब कागदाच्या जवळ आणायला लावला. कागद पांढराच. मग दाराची फट किंचित उघडली, आणि कागद बघता बघता करपला. सर म्हणाले, उजेड नळाच्या धारेसारखा येत नाही, तो पुड्या-पुड्यांनी येतो. लाल उजेडाची प्रत्येक पुडी कमजोर असते, निळ्याची दणकट असते. त्या वेळी चौकात एक रुपयाचं नाणं टाकायचा फोन होता. सरांनी त्याचाच दाखला दिला. त्यात आठ आण्यांची कितीही नाणी टाका, फोन लागत नाही. रुपया एकच टाका, लागतो. एवढं समजलं की क्वांटमचं दार उघडलं, असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसले. मी त्या लाल उजेडात इतकी वर्षं काम करत होतो, पण त्या दिवसापासून ती खोली मला वेगळीच दिसायला लागली.

त्यानंतर सरांनी पानं लिहायला घेतली. पुस्तकात क्वांटमचा शेवटी शेवटी एक धडा असायचा, शिक्षक म्हणायचे पाठ करा, आणि पालकांना वाटायचं हे बॉम्बचं शास्त्र आहे. सरांना हे तिन्ही मोडायचं होतं. एका वेळी एकच पान, साध्या मराठीत, शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेलं. नियम असा की पोरानं ते घरी मोठ्यानं वाचायचं आणि घरच्यांनी एक तरी प्रश्न विचारायचा. पुढचं पान त्या प्रश्नापासून सुरू व्हायचं. शिनोलीच्या एका पोरीच्या आईनं विचारलं, इलेक्ट्रॉन या पायरीवरून त्या पायरीवर जातो म्हणता, मग जाताना मधे कुठं असतो? सर एसटी पकडून थेट माझ्या दुकानात आले. "भाऊ, ह्या बाईनं लई मोठ्या माणसांना पडलेला प्रश्न विचारलाय. मधे कुठं व्हता, ह्याला आपल्याकडं उत्तरच न्हाई. मी पानात तसंच लिवणार." आणि त्यांनी तसंच लिहिलं. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून छापणारा मास्तर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

स्टाफरूममध्ये या पानांवर भेळ खाल्ली जायची. सरांचं नावच 'क्वांटम' पाडलं होतं. तेही त्यांनी हसण्यावारी नेलं. पण एका वर्षी बारावीचा निकाल घसरला आणि अण्णांनी त्यांना बोलावून विचारलं, हे बोर्डाला येतं का? सर म्हणाले, फारसं येत नाही. झालं. यंत्राला कुलूप लागलं. जनगणना, निवडणूक, जिथं म्हणून मास्तर लागेल तिथं सरांचं नाव जायला लागलं. सरांचं मागणं तरी काय होतं? सगळ्या पानांचं एक पुस्तक करा आणि ते शाळेच्या कपाटात ठेवा, पोरं, आईबाप, मास्तर, कुणीही घरी नेऊन वाचावं. दर वर्षी विचारायचे. दर वर्षी उत्तर एकच, बघू.

पालकांपुढे वाचन करायला शाळेचा हॉल मागितला तर तो रिकामा नसायचा. पण दोन हजार सालानंतर कुणी एक टाय घातलेला विक्रेता 'क्वांटम शक्तीची' कडी घेऊन आला, सांधेदुखी घालवणारी, तेव्हा त्याच हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या आणि पहिलं कडं अण्णांनी हातात घातलं. सर उठून उभे राहिले आणि कड्यात कोणती शक्ती आहे ती मोजून दाखवा म्हणाले. त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या विषयावर बोलले म्हणून.

मग दशक्रियेचा दिवस. नदीकाठी मंडप, मी मोठा केलेला फोटो, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पुढाऱ्यांची भाषणं. सर कुणाच्या तोंडी अणुशास्त्रज्ञ झाले, कुणाच्या तोंडी तालुक्याचं भूषण. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. झाडावर बसून नुसता बघत होता. एक मास्तर हसून म्हणाला, मागं सरका, आपण बघतोय म्हणून येत नाही, हाच सरांचा क्वांटम. मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. सरांनी एक अख्खं पान याच गैरसमजावर लिहिलं होतं, की डोळे वटारून इलेक्ट्रॉनला काही होत नाही, मोजायचं तर त्याला कशाचा तरी धक्का लावावा लागतो. त्याच पानावर यानं भेळ खाल्ली असणार.

माणसं पुढे होऊन बोलायला लागली. पोरीचं लगीन करू, शेताकडं लक्ष देऊ... कावळा हलेना. शेवटी अण्णा उठले, पिंडापुढे हात जोडले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सर, तुमचं पुस्तक संस्था छापंल. माझा शब्द हाय." कावळा उतरला. मंडपातले लोक डोळे पुसायला लागले. सरांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, माझाही नाही. पण शब्द खरा वाटला, आणि मीही रडलो.

सर प्रत्येक पानाची एक प्रत मला द्यायचे; महिना उलटल्यावर त्या पानांचा गठ्ठा घेऊन मी अण्णांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही. म्हणाले, "भाऊ, येडे का तुमी? कावळ्यासाठी समदेच बोलत्यात. ते काय खरं धरायचं असतं का?" त्यांच्या हातात ते कडं होतंच. मी काय काय बोललो ते इथं छापता येणार नाही.

तिथून तसाच डिंगोऱ्याला गेलो, सरांच्या घरी. पुस्तक होणार नाही, हे वहिनींना माझ्या तोंडून कळावं म्हणून. त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. ऐकून घेतलं, रडल्या नाहीत. बाजूच्या पाटाकडे बोट करून म्हणाल्या, बसा. इतक्या वर्षांत मला माहीत नसलेली गोष्ट तेव्हा कळली. प्रत्येक पान शाळेत जायच्या आधी सर या पाटावर बसून वहिनींना वाचून दाखवायचे, आणि त्या अडतील तिथं खोडून पुन्हा लिहायचे. माझ्या गठ्ठ्यातलं वरचं पान माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, वाचा. अण्णांचं तोंड डोळ्यांपुढे होतं. मी खडाखडा वाचत सुटलो. दुसऱ्याच ओळीला त्यांनी पीठभरला हात वर केला.

"भाऊ, थांबा. मला समजलं न्हाई. ते असं रागानं न्हाई वाचायचे."

राग काही गेला नव्हता. पण मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.